अल खोरच्या धक्क्यावरची मराठी

मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला होता: जहाजांचं लॉक. दोन दारांच्या मधे बोट कोंडायची, पाणी सोडायचं, की बोट वर येते. कतारमध्ये असलं लॉक दाखवायचं कुठे? म्हणून एका शुक्रवारी सकाळी तिला अल दुहैलच्या आमच्या घरून अल खोरच्या बंदरावर नेलं. ओहोटीला तिथलं पाणी उतरतं आणि मोठ्या लाँच बाहेर थांबून राहतात. लॉक नाही तर नाही, पाणी वाढतं नि बोट आत येते एवढं तरी दिसेल.

धक्क्यावर एक वयस्कर गृहस्थ मासे पकडायचे तारेचे सापळे दुरुस्त करत बसले होते. रत्नागिरीकडचे, इथे तीस वर्षं. मी त्यांना मोबाइलवर लॉकचा व्हिडिओ दाखवून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडं ता काम भरती करते," ते म्हणाले. "फुकटात."

मुलगी खदखदून हसली. माझ्या विनोदांना ती कधी अशी हसलेली मला आठवत नाही.

"चाचा, अजून किती पाणी पाहिजे?" तिने विचारलं. मराठीत!

मी गार पडलो. नऊ वर्षं मी या पोरीशी मराठीत बोलतोय आणि नऊ वर्षं ती मला इंग्रजीत उत्तरं देतेय. गोष्टींची पुस्तकं, बाराखडीचे तक्ते, सगळं सोलापूरहून बॅगेत कोंबून आणलं. आणि हे चाचा, तारा पिळता पिळता, पाच मिनिटांत! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखलं.

पुढचे दोन शुक्रवार तिनेच हट्ट केला. प्रोजेक्ट कधीच देऊन झाला होता. "काय गो बाय, आज उशीर केलास?" ते विचारायचे आणि ही आठवड्याभराचं सांगत सुटायची. मोडकंतोडकं, पण न थांबता. शाळेतल्या मैत्रिणीशी तिची मैत्री तुटली हेही मला तिथेच कळलं, तेसुद्धा ती त्यांना सांगत होती म्हणून. मी बाजूला उभा राहून मनातल्या मनात त्या माणसात खोट काढत होतो. विडी ओढतो. 'पाणी'ला 'पानी' म्हणतो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, तो तर समुद्राकाठीच जन्मला, त्याला काय जातंय बोटींच्या गप्पा मारायला!

तिसऱ्या खेपेला एक लाँच आत येत होती आणि मुलगी त्या लाँचबद्दल काहीतरी फार सुंदर बोलत होती. मी सवयीने मोबाइल काढून तिच्यावर धरला. तिने पाहिलं. वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"Can we go home?"

गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मला आमचे शुक्रवारचे व्हिडिओ कॉल आठवले. 'आजीला मराठीत बोलून दाखव' म्हणून मी तिला पुढे ढकलतो. ती चुकली की पलीकडे आजी, आत्या हसतात, प्रेमानेच. मीही हसतो. मग तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतो. चाचा तिच्या चुकांना एकदाही हसले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी मोबाइल गाडीतच ठेवला. तरी मी जवळ जाताच ती गप्प झाली. चाचांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुम्ही जरा तिकडं बसा," ते हळूच म्हणाले. "लाँच येस्तवर."

लांबच्या बाकावर जाऊन बसलो. त्या माणसाइतका हेवा मी कुणाचाच केलेला नाही. पाणी चढलं, लाँच आत आली. मुलगी उडी मारून उभी राहिली आणि हात हलवत त्यांना काहीतरी ओरडून सांगू लागली. वाऱ्यात मला एक शब्दही ऐकू आला नाही. मराठीच असणार. मी जागचा हललो नाही.