जपून वापर

चैतात भाताला कुणी औषध मारत नाही. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मग मुरबाडच्या शेतीऔषधांच्या दुकानात सात वर्षं काढलेल्या मला ते कळलं नाही, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

नव्वद सालानंतरची गोष्ट. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला एकजण भर दुपारी दुकानात आला. माझी बहीण त्याच वाडीत दिलेली, म्हणून तो मला पावणा म्हणायचा.

"पावणं, जालीम बाटली द्या एक."

"आता कशाला रे?"

"डोहात मासं हायेत. गेळाची फळं कोण ठेचीत बसल?"

गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, खाणाऱ्याला काही होत नाही. पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. त्याला वाटलं, बाटली म्हणजे तयार गेळ. बाटलीनं मारलेला मासा माणसालाही मारतो, हे मला ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि त्याला समजावत बसायचा मला कंटाळा आला. हो, कंटाळा! दुसरं काही नाही. बाटली कागदात गुंडाळून दिली आणि म्हणालो, "जपून वापर."

रात्री छान झोपलो. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, त्यात बोंबील होते, आणि घास हातातच राहिला. डोहातले मासे वाडीभर वाटायची तिथली रीत. एकही चूल वगळत नाहीत.

धावत जीप गाठली. सीट भरल्याशिवाय जीपवाला हलेना. त्याला शिव्या घातल्या, मग त्याच्या पाया पडलो. मेला तंबाखू मळत बसला. देवा, तो एक तास!

वाडीत सगळीकडे माणसं ओकून ओकून आडवी झालेली. मोठी वाचली. बहीण अंगणात पाच वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी केव्हाच थंड पडली होती.

बाटली नेणारा तो शेजारीच बसला होता, भिंतीला टेकून. मला बघताच रडायला लागला. "पावणं, तुमी बोल्लात तसं जपूनच वापरलं ओ. अर्धीच वतली. देवाशपथ, अर्धीच!"

बहिणीनं मान वर केली.

"दादा, तुला म्हाईत व्हतं?"

"नाय गो," मी म्हणालो.