निकाल लागलाय, या आत

आमचे सुभेदार स्वतःच्या दर वाढदिवसाला फाटकाशी, घराकडे पाठ करून उभे राहायचे.

शिक्षा नव्हे. नियम होता, त्यांनीच केलेला.

पलटणीत दहा जवानांचा सेक्शन कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना ते तिघांना विचारायचे. वरच्या साहेबाला, बरोबरीच्या जवानाला आणि हाताखालच्याला.

ज्याच्याविषयी बोलणं चाललंय, त्याने लांब पाठ करून उभं राहायचं. शेवटी हाक मारायची आणि निकाल तोंडावर सांगायचा.

रिटायर होऊन जळोचीला भरतीचं ट्रेनिंग सुरू केलं, तरी पद्धत तीच.

इंदापूरचा सूरज ग्राउंडवर सगळ्यात फास्ट. मी म्हणाले, "करा की त्याला लीडर. सलाम बघा किती कडक ठोकतो."

"सलाम वरच्याला दिसतो, बाई."

मी हायस्कूलला शिकवायचे, म्हणून घरातही बाईच.

मग त्यांनी नव्या पोरांना विचारलं.

"सर, पाण्याचा जार आला की त्यो पयला पितो. आमाला तळ ऱ्हातो."

लीडर झाली कन्हेरीची कोमल. सूरज रुसला, चार दिवस फिरकला नाही. मग आला आणि मुकाट्याने तिच्या मागे पळायला लागला.

घरीही हेच. ते फाटकाशी सावधानमध्ये. ओट्यावर आम्ही तिघं: थोरले दीर आबा, मी आणि सून.

आबा म्हणायचे, "हट्टी हाय. पण खोटा न्हाय."

सून हळूच म्हणायची, "ओरडतात फार."

मग हाक मी मारायची. "निकाल लागलाय, या आत!"

रिक्रूटासारखे पळत यायचे.

"काय?"

"पास."

"नुसतं पास?"

"पुढच्या वर्षी बघू. चहा घ्या."

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

सकाळी ग्राउंडवर सगळे जमले. त्यांचे जुने साहेब बोलले. बरोबरीचे बोलले. पोरं उठली, पण रडण्यात निम्मं कळलंच नाही.

सूरज आता फौजेत, रजेवर आलाय. भाषणाला उभा राहिला नाही. जार खांद्यावर घेऊन सगळ्यांना पाणी देत फिरला.

तिन्हीकडून विचारून झालं.

आता घरी ओट्यावर बसलेय. फाटकाशी कुणी नाही. हाक मारायचं काम माझं, आणि आयुष्यभर वर्ग गाजवलेला हा आवाज आज फुटत नाही.

म्हणून इथे लिहितेय.

सुभेदार, निकाल लागलाय.

नुसतं पास नाही.

या आत. चहा टाकलाय.