शून्याखालची वैनगंगा

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात आरमोरीजवळ वैनगंगा साडेसहाशे मीटर चढली. कागदावर.

मी तेव्हा चंद्रपूरला, नद्यांच्या पातळ्या नोंदवणाऱ्या एका कार्यालयात होतो. आदल्या हिवाळ्यात तिथे कॉम्प्युटर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि कार्यालयातला एकमेव कूलर त्याच्यापुढे नेऊन ठेवला. आमचे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा छोटा कंपायलर मी लिहिला होता. त्याबद्दल मला शाल मिळाली. मे महिन्यात तिचा काही उपयोग नव्हता.

साहेबांनी छापील कागद पाहिला. "यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." आरमोरीच्या पाणी मोजणाऱ्याला कामावरून कमी करण्याचा आदेश टाइप व्हायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो मोजणारा एसटीने आला आणि वही माझ्यापुढे उघडली. उन्हाळ्यात पाणी नदीतल्या मोजपट्टीच्या खांबावरच्या शून्याखाली जायचं. मग तो गुडघाभर पाण्यात उतरून बांबूच्या कांबीने ते किती खाली गेलं हे मोजायचा आणि आकड्याआधी आडवी रेघ ओढायचा. वहीत होतं, उणे एक सेंटीमीटर.

"भाऊ, मी टोंगयाभर पान्यात उभा व्हतो. साडेसहाशे मीटर असतं, त तुमच्या कचेरीत पोहतच आलो असतो ना!"

मी कूलरसमोर बसलो. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. डोळे मिटले की ती कागदावरची नदी दिसायची. गावाभोवतीचा परकोट बुडालेला, सागाच्या शेंड्यांतून मासे चाललेले, भद्रावतीची बस पाण्याखालून हळूहळू येतेय, कंडक्टर तिकिटं फाडतोय. इतकी शांत नदी दुरुस्त करणं जिवावर आलं होतं.

चूक माझीच होती. पूर्णांकाचा दशांश आकडा करताना माझा कंपायलर चिन्ह पाहतच नव्हता. उणे चिन्हाची खूणही तो आकड्यातच धरायचा, आणि उणे एकचे पासष्ट हजार पाचशे पस्तीस सेंटीमीटर व्हायचे, म्हणजे साडेसहाशे मीटर. हिवाळ्यात पाणी शून्याच्या वर, म्हणून कुणाला कळलं नाही. चार ओळी बदलल्या. कागदावर उणे एक आलं.

"चूक माझी आहे," मी साहेबांना सांगितलं.

"कॉम्प्युटरची नाही ना?"

"नाही."

त्यांना हायसं वाटलं. आदेश फाडला.

पाणी मोजणारा नवा कागद बराच वेळ न्याहाळत होता. "मंग बाकीचं पानी कुठी गेलं, भाऊ?"

उत्तरासाठी थांबायला त्याला वेळ नव्हता. संध्याकाळची पातळी घ्यायची होती. वही काखेत मारून तो बसस्टँडकडे निघाला.