अप्पाराव आणि सोवळ्यातला फोन

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं माझी सासू सांगायची. पण साऱ्या कुंभकोणमनं ह्यांच्या नावाचा जप चालवलाय, तिथे मी एकटीनं तोंड शिवून काय होणार? सकाळची कॉफी ओठाला लावतात न लावतात तोच फोन सुरू होतो. कुणाचा प्रिंटर कागद खातो, कुणाच्या लॅपटॉपचा आवाज बसलाय, कुणाला मुलीसाठी टॅबलेट घ्यायचाय पण सतरा दुकानदार सतरा गोष्टी सांगतात. अप्पाराव सगळ्यांना एकच उत्तर देतात, "मी येऊन बघतो."

नोकरीत असताना ते आडुतुरैला भाताच्या संशोधन केंद्रात कारकून होते. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे लांबून बघत उभे राहिले आणि हे खुर्ची ओढून बसले. ते जे बसले ते निवृत्त झाले तरी उठले नाहीत. आता विकत काही नाहीत, दुरुस्तीचे पैसेही घेत नाहीत. फक्त लोकांच्या घरी जाऊन बसतात.

बसतात म्हणजे खरोखर बसतात. कृष्णमूर्ति वकिलांच्या घरचं इंटरनेट रोज चार वाजता बंद पडायचं. दोघे तंत्रज्ञ येऊन गेले, वायफायचा डबा बदलला, तरी तेच. अप्पाराव साडेतीनला जाऊन सोफ्यावर बसले आणि कॉफी पीत राहिले. चार वाजता वकिलांची आई आली, तिनं भिंतीतला एक प्लग उपटला, तिथे ग्राइंडर लावला आणि इडलीचं वाटायला घेतलं. उपटलेला प्लग त्या डब्याचाच होता. अप्पारावांनी वाटेतल्या दुकानातून जास्तीच्या भोकांचा बोर्ड आणून दिला आणि घरी आले. ह्याला ते "ट्रबलशूटिंग" म्हणतात. मी फुकटची कॉफी म्हणते.

आमच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. टीव्हीचा रिमोट दोन थपडा खाल्ल्याशिवाय चालत नाही. पण ते जाऊ दे.

मागच्या गल्लीतल्या मीनाक्षीबाई शेकडो वर्षांपूर्वी ह्या तमिळ मुलखात आलेल्या आमच्याच मराठी मंडळींपैकी, बोलणंही त्याच जुन्या वळणाचं. घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा विठोबा. नवरा गेल्यापासून एकट्या राहतात. पहाटे चारला आंघोळ करून सोवळ्यात जातात, ते स्वयंपाक, नैवेद्य आटोपून अकराला बाहेर येतात. तोवर कशाला शिवणं नाही. एकुलती एक मुलगी नित्या कॅनडात नर्स आहे. ती कामावरून घरी येते, बाळाला भरवते आणि साडेसहाला व्हिडिओ कॉल करते. साडेसहा आपल्याकडचे, तिच्याकडे ती रात्रीची नवाची वेळ. बाळ तेवढं अर्धा तास जागं असतं. इकडे अकरा वाजतात तेव्हा तिकडे निजानीज, आणि आपल्या संध्याकाळी नित्या ड्यूटीवर पळत असते.

एके दिवशी भर दुपारी मीनाक्षीबाई आमच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

"अप्पा, नित्यानं फोन करायचं सोडलन् रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या सोवळ्यांत नड नोको म्हणती. पोर वर्षाचा होईल आतां. मला ओळखत न्हीं. आधीं फोन वाजायचा, मी बघत बसायची. वाजून वाजून राहायचा."

त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. मला मेलीला तेव्हा वाटलं, सरळ शिवावं ना फोनला! मी तसं बोललेही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून कॉफी करायला गेले.

अप्पारावांनी मात्र वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले आणि अकरापर्यंत नुसते बघत राहिले. घरी येऊन म्हणाले, "अक्काच्या हाताला बंदी आहे. कानाला, डोळ्याला नाही." मग त्यांनी फोनमध्ये एक सेटिंग शोधलं. फोन आला की आपोआप उचलला जायचा. व्हिडिओ कॉलला ते लागू पडेना, पण साध्या फोनला पडलं. निदान आवाज तरी ऐकू येईल, म्हणून ते खूश.

पण नित्यानं फोन करणं सोडलेलं, आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवायच्या वेळी फोन वाजला, आपोआप उचलला गेला आणि एक बाई तमिळमध्ये ठणठणीत आवाजात कर्ज हवंय का म्हणून विचारू लागली. फोन बंद करायची सोय नव्हती. ती शेवटपर्यंत बोलली.

"विठोबाला कर्ज देते म्हणती, अप्पा!" मीनाक्षीबाई संतापल्या होत्या. मी पदर तोंडात कोंबला.

मग हुकूम ऐकून काम करणारा स्पीकर सुचवून झाला. घरात रात्रंदिवस कान लावून बसलेली वस्तू नको, म्हणून मीनाक्षीबाईंनी तो उडवून लावला. अप्पारावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ताटावरच ओरडले, "लोकर! सोवळ्याला लोकर चालते!" आणि बर्फाच्या देशातले लोक फोन चालवायला घालतात ते लोकरीचे हातमोजे त्यांनी मागवले. कुंभकोणमला, मे महिन्यात! पार्सलवाल्यानं ह्यांच्याकडे काळजीनं पाहिलं.

मीनाक्षीबाईंनी मोज्याचा एक धागा उपसला आणि समईवर धरला. तो आक्रसून त्याची काळी गोळी झाली.

"लोकर जळाली तर केसाचा वास येतो. ह्याला बादलीचा वास येतो," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिक आहे. घेऊन जा."

अप्पाराव खरोखर खचले. निरवानिरवीचं बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं, की ह्यात बोटांच्या टोकांना तेवढा चांदीचा धागा आहे, त्यानंच फोनची काच बोट ओळखते, बाकी सगळं फुकट.

"चांदीचा?" मीनाक्षीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या लग्नातली रेशमी साडी घेऊन. घडीवर विरलेली, पण काठाची जर खणखणीत, खऱ्या चांदीची. "रेशीम सोवळं. चांदी सोवळी. आणि काय होणें तुला?"

मी म्हटलं, "अक्का, लग्नाची साडी कापायची?"

"पेटींत ठेवून कुणाला दाखवूं?" असं म्हणून त्यांनी स्वतःच कात्री चालवली.

शिवायचं कुणी? मीच. बोटाच्या टोकावर बसेल एवढी रेशमी टोपी केली, काठातली जर उसवून तिच्यावर टाके घातले, आत टोचू नये म्हणून अस्तर लावलं. पण फोनची काच काही दाद देईना. अप्पाराव ती टोपी स्वतःच्या बोटावर घालून तासभर बसले आणि मग म्हणाले, "अलमेलु, तुझं अस्तर आडवं येतंय. जर आतून कातडीला लागायला हवी." अस्तर काढलं, टाके आरपार घेतले, आणि काच चालली. ती टोपी घेऊन अक्काकडे निघालो तेव्हा त्यांनी भर रस्त्यात माझा हात धरला. ह्या वयात!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर उभे होतो. फोन कोनाड्यात उभा केला होता. साडेसहाला मीनाक्षीबाईंनी टोपी घातली आणि नित्याचं नाव दाबलं. वाजलं, वाजलं, आणि नित्याचा चेहरा आला. पांढराफटक.

"आई! काय झालं? कुणाला काय झालं? तूं सोवळ्यांत न्हींस?"

"आहें," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "सोवळ्यांतच आहें. कांहीं झालं न्हीं. पोर कुठे आहे?"

नित्याला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं बाळाला उचलून समोर धरलं. ते आधी आजीकडे टकमक बघत राहिलं, मग त्यानं पुढे होऊन आख्खा पंजा काचेवर ठेवला. इकडे पडदाभर नुसता तळहात.

मीनाक्षीबाईंनी आपला तळहात त्याच्यावर टेकला. उघडा, सगळाच्या सगळा. आणि फोन बंद झाला, कारण तळहातानं खालचं लाल बटण दाबलं गेलं.

स्वयंपाकघरात डाळ शिजत होती. मीनाक्षीबाईंनी हाताकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली, फोन कोनाड्यातून उचलला आणि उघड्या बोटानं नित्याचं नाव पुन्हा दाबलं.

"अक्का, सोवळं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"परत न्हाईन. विहिरींत पाणी आहे," त्या म्हणाल्या. "देव थांबतो. पोर निजेल आतां."

त्या दिवशी विठोबाला नैवेद्य व्हायला एक वाजला. आम्हीही तिथेच जेवलो.