डोक्यात शिरत नाही

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी गेलो तरी अजून शेवटच्या बाकावरच बसतो. शुद्धलेखन चुकेल. शास्त्रातलं काही कमी-जास्त झालं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं. पण हे मी नाही लिहिलं तर ते दुसरेच सांगतील. स्टाफरूममध्ये चहा पिताना, हसत हसत. म्हणून लिहितो.

जळगाव. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. त्या दिवशी सेमिनारचे विषय वाटायचे होते. सर खुर्चीत रेलून एकेकाला उभं करत होते. माझी पाळी आली. मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हणालो, "सर, मला सेरेब्रोस्पायनल फ्लुइड आणि मेंदूभोवतीचे संरक्षक पडदे हा विषय पाहिजे."

'सेरेब्रोस्पायनल'ला जीभ अडखळली.

"परत म्हण," सर म्हणाले.

परत म्हणालो. परत अडखळलो.

"अजून एकदा. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

तिसऱ्यांदा तर 'सेरेब्रो'च्या पुढे गेलोच नाही. सर वर्गाकडे वळले. "नाव तोंडातून बाहेर येत नाही याच्या. विषय डोक्यात कसा शिरणार?"

वर्ग हसला. पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघू लागल्या.

"तू केळीवर घे," सर म्हणाले. "करपा रोग. तुमच्याकडच्या लोकांना शेतातलं बरं समजतं."

आमच्याकडे केळी पिकत नाही. साक्रीच्याही पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. तिथे बाजरी पिकते, तीही पाऊस आला तर. आणि ते शेतही आमचं नव्हे, माझे वडील, आबा, तिथे मजुरीला जातात. पण 'तुमच्याकडच्या' म्हणजे कुठल्या, हे सरांना वेगळं सांगावं लागलं नाही. स्कॉलरशिपवाल्यांची नावं त्यांनी आदल्याच आठवड्यात वर्गात मोठ्याने वाचली होती.

मी म्हणालो, "शिरेल, सर."

"घे मग. मार्क मी देणार आहे, एवढं लक्षात ठेव."

खाली बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, "शिरी जाई शे." वर्गात माझं नावच 'शे' आहे. पहिल्या वर्षी एकदा चुकून तोंडातून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं, तेव्हापासून. डबा खाल्ला का शे, प्रॅक्टिकल झालं का शे. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या आज्या घरी हीच अहिराणी बोलतात. तरी हसतात. म्हणूनच हसत असतील.

डोक्यात शिरत नाही. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

मी आठवीत होतो. माय तापानं पडली. साक्रीच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. ताप उतरेना. मग ती आम्हाला ओळखेनाशी झाली. मान लाकडासारखी ताठ. आबांनी तिला जीपमध्ये घालून धुळ्याला आणलं, मोठ्या दवाखान्यात. खाट मिळाली नाही. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गोधडी टाकून तिला निजवलं. लहान बहीण करुणा माझ्या हाताला धरून होती.

एक तरुण डॉक्टर आला. म्हणाला, "पाठीतलं पाणी काढायचंय. इथे अंगठा करा."

आबांनी विचारलं, "कसानं पानी, साहेब?"

"पाठीतलं. मणक्यातलं. करा लवकर."

बस्स. एवढंच. शेजारच्या खाटेजवळचा एक माणूस आबांच्या कानाशी लागला. त्यांच्या गावात एकाचं असंच पाणी काढलं होतं म्हणे, तेव्हापासून तो उठला नाही. आबांच्या डोळ्यांसमोर आमची गावविहीर आली असणार. चैत्रात उपसली की तळ दिसतो, मग पावसाळ्यापर्यंत थेंब नाही. माणसाच्या अंगातलं पाणी काढल्यावर ते परत कुठून यायचं?

आबांनी हात जोडले. "नको साहेब. लुळी व्हई जाई ती."

डॉक्टर आबांशी पुढे बोललाच नाही. नर्सकडे वळून म्हणाला, "यांच्या डोक्यात काही शिरत नाही. लिहून घ्या, नातेवाइकांचा नकार."

आबांनी ते ऐकलं. मी ऐकलं. मायनं ऐकलं का, माहीत नाही.

आम्ही मायला घरी आणलं. बाजरी कापणीला यायच्या आत ती गेली. गावातले म्हणाले, नवरा अडाणी निघाला. दवाखान्याचं ऐकलं असतं तर वाचली असती. कदाचित खरं असेल. पण ऐकण्यासारखं त्याला कुणी काय सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून आबा स्वतःच म्हणायला लागले, "मना डोकामा काय बी शिरत नही." फोनचं बटण दाखवायला गेलो तरी तेच. बँकेत तेच. कुणी काही समजावायला लागलं की आधीच हात जोडतात. त्या डॉक्टरला ते वाक्य संध्याकाळी आठवलंही नसेल. आबा ते रोज बोलतात.

म्हणून मला तो विषय पाहिजे होता. हे सरांना सांगता आलं नाही. अशा गोष्टी उभं राहून सांगता येत नाहीत.

मी वाचायला लागलो. एका डाळमिलच्या मागे तिघांत खोली आहे. अंगावर, पुस्तकांवर डाळीचा भुस्सा बसतो. इंग्रजी वाक्य तीनदा वाचावं लागतं. मला वेळ लागतो, हे कबूल. पण कळायला लागलं.

मेंदू पाण्यात तरंगतो. स्वच्छ, बिनरंगी पाणी. ते मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रक्तापासून तयार होतं, मेंदूभोवती आणि मणक्यात फिरतं आणि परत रक्तात जातं. एका दिवसात ते सगळं तीन-चारदा नवं होतं. म्हणजे ते विहिरीसारखं नाही. आमच्या नदीच्या वाळूत उन्हाळ्यात बाया झिरा खोदतात, त्यासारखं आहे. तांब्या भरून घेतला की थोडं थांबायचं, झिरा परत भरतो. आणि मणक्यातली मोठी नस कमरेच्या वरच संपते. सुई तिच्याही खाली घालतात. तिथे टोचून माणूस लुळा पडत नाही.

हे सांगायला किती वेळ लागतो? मी एकटा असताना भिंतीकडे बघून अहिराणीत बोलून पाहिलं. चहा निवला नाही, तेवढ्यात झालं. त्या डॉक्टरकडे एवढा वेळ नव्हता? की समोरचा माणूस बघून त्याला तो वाया जाईल असं वाटलं?

पुढे वाचलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं बरंच काही त्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. विष अडतं. जंतू अडतात. पण औषधंही अडतात. शिरेत टोचलेली कितीतरी औषधं अंगभर फिरतात आणि मेंदूच्या बाहेरच राहतात.

म्हणजे औषधंसुद्धा डोक्यात शिरत नाहीत. कुणाच्याच. सरांच्याही नाही, त्या डॉक्टरच्याही नाही.

लायब्ररीत मी एकटाच हसलो. मग हसू थांबलं. कारण पुढे लिहिलं होतं की ही भिंत ओलांडून औषध कसं न्यावं, यावर जगभर माणसं आयुष्य घालतात. औषध शिरलं नाही तर कुणी डोक्याला नावं ठेवत नाही. दुसरी वाट शोधतात. आबांच्या वेळी कुणी दुसरी वाट शोधली नाही.

सेमिनारचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी आबा फोनवर म्हणाले होते की करुणाला ताप आहे, साक्रीहून गोळ्या आणल्या. ती आता दहावीला आहे. मी म्हणालो, सकाळी कळवा. सकाळी फोन लागला नाही.

मी फळ्यापाशी उभा राहिलो. सेरेब्रोस्पायनल एका दमात म्हणालो. फळ्यावर भिंत काढली. सर मध्येच बोलले, "थोडक्यात काय, मेंदू कुणालाही आत घेत नाही. तिथे सवलत चालत नाही. बरोबर ना?"

माझ्याकडे बघून बोलले. वर्ग हसला. खिशात फोन वाजला. आबा. दिवसा ते कधी फोन करत नाहीत.

मी उचलला.

"भाऊ," आबांचा आवाज फाटला होता. "आम्ही धुळाले शेतस. करुणाले सुद नही. मान ताठ व्हई गई, तुनी मायनी व्हयेल व्हती तशीच. औषध सुरू करं त्यासनी, पन पाठमातलं पानी बी काढनं शे सांगतस. मी काय सांगू? मना डोकामा काय बी शिरत नही. तू सांग."

"फोन बंद कर," सर म्हणाले. "नाहीतर बाहेर हो."

बाहेर जाऊन बोलता आलं असतं. पण मी फळ्यापाशीच राहिलो. हेच सांगायला मी इथे उभा होतो.

"आबा, आयक," मी म्हणालो. "डोकामा एक पानी ऱ्हास. मेंदू त्यामा तरंगस. तेच पानी पाठना मणकामा उतरस. ते रोज नवं तयार व्हस. नदीना झिरा जसा. काढं का परत भराई जास."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. "शे, शे," कुणीतरी ओरडलं.

"आनि तिना पाय?" आबांनी विचारलं. "पाय जातीन ना?"

"नही आबा. मोठी नस कंबरना वरच सरी जास. सुई त्याना खाले जास. पानी दखं तरच समजस का कोनता जंतू शे, कोनतं औषध देवानं."

मग आबा म्हणाले, "हाई तवय काबर नही सांगं कोनी?"

मायच्या वेळी हे कुणी का नाही सांगितलं? मी म्हणालो, "सही करी दे, आबा. येळ नको घालू."

"करस," आबा म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "शिरनं रे भाऊ. डोकामा शिरनं."

मी फोन खिशात ठेवला.

"झालं?" सर म्हणाले. "आता माणसांच्या भाषेत सांग."

आतापर्यंत मी खूप गिळलं होतं. तीनदा म्हणायला लावलेला शब्द. केळीचा करपा. 'शे'. हे मात्र गिळता येईना.

"माणसाशीच बोलत होतो, सर."

मी फळ्यावरच्या भिंतीवर बोट ठेवलं. "आणि सवलतीचं तुम्ही मघाशी म्हणालात ते चूक आहे. मेंदूला साखर लागते. ती आपली आपण ही भिंत ओलांडू शकत नाही. तिच्यासाठी भिंतीत खास दारं ठेवलेली असतात. राखीव. ती दारं बंद झाली तर मेंदू जगत नाही. तुमचाही नाही."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "बॅग घे आणि जा. प्रोजेक्टला दुसरा गाइड शोध. मिळाला तर."

मी बॅग घेतली. कुणी उठलं नाही. दारातून बाहेर पडताना मागून आवाज आलाच, "चालना शे." निघाला 'शे', म्हणजे.

"हां, चालना शे," मी म्हणालो. पहिल्यांदाच त्या नावाला ओ दिली.

धुळ्याची बस मिळाली. खिडकीशी बसलो. आता वाचलेलं सगळंच आठवायला लागलं. यात कान जातात. स्मरण जातं. पोरगीही जाते. उशीर किती झाला, हे पुस्तक सांगत नाही. एवढं आठवत होतं की या आजारात ती घट्ट भिंत ढिली पडते, आणि एरवी अडणारी काही औषधं आत पोचतात. त्या एका ओळीला धरून एरंडोलपर्यंत बसलो.

डिग्री राहील कदाचित. गाइड मिळणार नाही. मिळाला तर तोही विचारेल, केळीवर का नाही घेत. मी नाही घेणार. मी याच पाण्यावर काम करीन, याच भिंतीवर. माझा प्रोजेक्ट आधी आबांना समजेल अशा भाषेत लिहीन, मग सरांच्या भाषेत. आणि ज्या वॉर्डात कुणी म्हणेल की यांच्या डोक्यात काही शिरत नाही, तिथे उभा राहून विचारीन, तू काय सांगितलंस ते आधी मला सांग. हळू आवाजात नाही विचारणार. करुणा वाचली तरी विचारीन. नाही वाचली तरी.

पारोळा मागे पडलं आणि फोन वाजला. लगेच उचलला.

"भाऊ," आबा म्हणाले. "पानी काढं. माले दखाडं त्यासनी, बाटलीमा."

"कसं शे, आबा?"

"गढूळ शे."

गढूळ म्हणजे जंतू त्या पाण्यापर्यंत पोचलेत, ते मला माहीत होतं.

"गढूळ म्हंजे काय, ते मी इचारं डाक्टरले," आबा म्हणाले. "हात नही जोडात. बठ्ठं, सगळं इचारं."