गुण्याकाकांचा जिना

आमच्या गल्लीत कुणी हळू आवाजात बोललं, तर तो माणूस बाहेरचा तरी असतो नाहीतर आजारी तरी. एका बाजूला स्प्रिंगा बनतात, दुसऱ्या बाजूला दिवसभर पत्र्यावर प्रेस आपटत असतो, कोपऱ्यावर धातूला मुलामा चढवायच्या प्लेटिंगच्या टाक्या आहेत, आणि या सगळ्याच्या डोक्यावर आमची बिऱ्हाडं. खाली काम, वर संसार. इथल्या तान्ह्या पोरांना अंगाई लागत नाही. प्रेस चालू असला की ती गाढ झोपतात, आणि तो जेवणाच्या सुट्टीत बंद पडला की भोकाड पसरतात. बाहेरच्या लोकांना हे ऐकून आमची कीव येते. येऊ दे. मला त्यांच्या गप्पगार सोसायट्यांची येते.

मी हातमोजे शिवते. जाड कापडाचे, कारखान्यात घालायचे. माझं मशीन खिडकीशी आहे आणि रस्त्याच्या पलीकडे, नाकासमोर, गुण्याकाकांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार. ते कायम त्यांच्या हातात असतं, म्हणून गल्लीने त्यांना तेच नाव देऊन टाकलं. चहावाल्याने कप तिरका ठेवला तरी हे दोन बोटांनी तो सरळ करणार आणि मगच पिणार. बोलणं मात्र अगदी मोजकं. गिऱ्हाईक तास तासभर आपली कर्मकहाणी सांगायचं आणि काका शेवटी म्हणायचे, "मंगळवारी न्या."

या भागातली निम्मी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिने त्यांच्या हातचे आहेत. आणि त्यांच्या स्वतःच्या घराला काय होतं? शिडी! लग्नानंतर दुकानावर खोल्या चढवल्या, तेव्हा बाहेरच्या भिंतीला एक उभी लोखंडी शिडी ठोकली होती. तात्पुरती. त्या तात्पुरत्या शिडीवरून उतरून त्यांचा मुलगा शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरी लागून मोठ्या शहरात राहायला गेला. काकूंनी आयुष्यभर पाण्याच्या कळशा, दळण, भाजी, सगळं त्याच शिडीवरून वर नेलं. जिन्याचा विषय निघाला की काका म्हणायचे, "एवढं हातातलं काम होऊ दे."

हातातलं काम काही संपलं नाही, आणि काकूंच्या गुडघ्यांनी मात्र राजीनामा दिला. त्या शेवटच्या उतरल्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला, एकेका पायरीला बिलगून थांबत. तेव्हा अख्खी गल्ली मुद्दाम दुसरीकडे बघत होती. परत वर चढून गेल्यावर खिडकीतून मला म्हणाल्या, "बाई गं, आता खाली येईन ती चौघांच्या खांद्यावरच."

तेव्हापासून काकूंचं राज्य खिडकीतून चालायचं. माणूस अंगाने भरलेला, आवाज त्याहून. "प्लेटिंगवाल्या, पंखा खडखडतोय तुझा, दोन थेंब तेल घाल की!" "अगं, तुझ्या दारात माणूस उभा आहे, मशीनवरून मान वर कर!" हे दुसरं मला. आम्ही दोघी रस्त्याच्या दोन बाजूंनी, प्रेसच्या दोन ठोक्यांच्या मधे सुखदुःखं बोलायचो. आमच्या गुजगोष्टी कोपऱ्यापर्यंत ऐकू जायच्या, पण त्याला इलाज नव्हता.

अशीच एके दिवशी त्यांनी बातमी दिली. मुलाचा फोन आला होता. त्याच्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. पुढच्या सुट्टीला तो गाडी घेऊन येणार, दोन दांडगे मित्र आणणार, आईला खुर्चीत बसवून खाली उतरवणार आणि कायमची घेऊन जाणार.

"आणि काका?" मी विचारलं.

"ते कुठले येतायत! ते तिकडे काय वेल्ड करणार, लिफ्ट?"

"मग ते काय म्हणाले?"

प्रेसचे चार ठोके मधे गेले. "म्हणाले, तुझी सोय होईल तिकडे."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, बरं."

मला असा संताप आला! काकांचा आला, आणि काकूंचाही आला. इतकी वर्षं एका ताटात जेवलेली माणसं, आणि एकाने म्हणायचं "सोय होईल", दुसऱ्याने म्हणायचं "बरं". काकूंना जायचं नव्हतं हे रस्त्याच्या अलीकडून मला दिसत होतं. काकांना त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं, कारण त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या फाटकाला कडी उलट्या बाजूने लावली. पण तोंड उघडेल तो कोण? काकूंनी बॅग भरायला घेतली.

दोन दिवसांनी गुण्याकाका माझ्या दारात उभे राहिले. हातात गुण्या, नजर जमिनीवर.

"एक काम होतं. हिचा पाय न दुखता किती वर उचलतो, ते बघून सांगशील?"

"तुम्हीच विचारा की."

"मी विचारलं तर तिला कळेल."

मला काय ते कळलं. मी हातमोज्यांचे गठ्ठे घेऊन शिडी चढले आणि काकूंना सांगितलं, की गठ्ठे नीट दाबून बसत नाहीत, जरा पाय देऊन बघा. एक गठ्ठा ठेवला, त्यावर त्यांनी पाय सहज ठेवला. दुसरा चढवला, तेव्हा त्यांनी ओठ दाबले. मधलं माप मी मनात धरलं आणि काकांना बोटांनी दाखवलं. त्यांनी माझी बोटं टेपने मोजली. नंतर उजवा पाय आधी उचलते की डावा, हात कुठल्या बाजूला धरते, सगळं विचारलं. लग्नात वराने वधूची एवढी चौकशी केली नसेल.

आता आमच्याकडची कामाची रीत सांगायला हवी. इथली दुकानं अरुंद आहेत, त्यामुळे मोठं काम सगळे रस्त्यावर करतात. सकाळचे ट्रक निघून गेले की रस्ता सगळ्यांचा. फाटकं, टाक्या, जिने उघड्यावरच जोडले जातात आणि तिथूनच टेम्पोत चढतात. काकांनी जन्मभर तसंच केलं होतं. पण या वेळी वर खिडकीत काकू बसलेल्या. रस्त्यावर जिना मांडला असता तर पहिल्याच पायरीला बिंग फुटलं असतं. म्हणून काकांनी सगळं सामान आत घेतलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि काकूंना सांगितलं, की शाळेसाठी एक जिना करायचा आहे.

त्यावर काकू वरून रोज सूचना देत होत्या. "लहान पोरांची शाळा ना? मग पायऱ्या बुटक्या ठेवा हो. आणि कठडा गुळगुळीत घासा, पोरांचे हात कापतील!" काका खालून "हं" म्हणायचे आणि मुकाट घासायचे.

जिना झाला मात्र देखणा. पायऱ्या रुंद, बुटक्या. आणि मधे, वळणावर, एक ऐसपैस टप्पा, त्यावर बसायला लोखंडी बाक. दम लागला तर बसावं, मग वळून पुढचं चढावं. बाहेर शिडीच्या जागी भिंतीशी तुकडे जोडत बसलं तर काकूंना सुगावा लागेल, म्हणून काकांनी तो आतच अख्खा जोडला. सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी प्लेटिंगवाला, त्याची माणसं, स्प्रिंगवाले, सगळे हात लावायला जमले. शटर पूर्ण वर गेलं. जिना उचलला, दारापर्यंत आणला, आणि तिथे तो अडकला.

आडवा केला, अडकला. उलटा केला, अडकला. एक टोक बाहेर काढलं की वळणावरचा टप्पा चौकटीला भिडायचा. काकांनी काकूंचा पाय किती उचलतो ते मोजलं होतं, त्यासाठी माझी बोटंसुद्धा मोजली होती. फक्त स्वतःच्या दुकानाचं दार मोजायचं राहिलं होतं. जन्मात कधी मोजायची वेळच आली नव्हती, कारण त्यांनी केलेली कुठलीही मोठी वस्तू त्या दाराच्या आत कधी बनलीच नव्हती.

पहिल्यांदा सगळे हसले. मग काकांचा चेहरा बघून गप्प झाले. ते दारात टेप धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा तेच माप घेत होते, जणू दार लाजेकाजेस्तव थोडं सरकेल.

"कापू या," प्लेटिंगवाला म्हणाला. "दोन तुकडे करू, बाहेर जोडू."

"उद्या सकाळी गाडी येतेय," काका म्हणाले. "कापून, नेऊन, सरळ करून, जोडून... नाही व्हायचं. आणि घाईच्या जोडावर मी तिला पाय ठेवू देणार नाही."

"मग दार फोडू."

"वरची भिंत त्याच्यावर आहे."

काका खाली पायरीवर बसले. त्यांना असं हात सोडून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. 

तेवढ्यात वरून ठक ठक झालं. काकू खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकल्या होत्या.

"काय झालं? शाळेचा जिना बाहेर येईना का?"

"मग असा वर पाठवा!" त्या ओरडल्या. "माझ्या ओट्याच्या बाजूच्या फरशा नुसत्या गर्डरवर टाकलेल्या आहेत. ह्यांनीच टाकल्यात. काढा चार आणि करा भगदाड. पोरं काय, कुठूनही शाळेत येतील!"

काकांनी वर पाहिलं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की ही बाई पहिल्या दिवसापासून सगळं ओळखून आहे. आमच्या भागात शाळेला तळमजल्याखेरीज मजलाच नाही, हे काकूंना ठाऊक नसेल, असं त्यांना वाटलं तरी कसं, देव जाणे.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. प्रेसवाल्याने प्रेस बंद केला, आणि गल्लीतली तान्ही पोरं एकदम रडायला लागली. काकूंचे डबे, भांडी माझ्या घरी आली. फरशा निघाल्या, वजन उचलायची चेनपुली गर्डरला लटकली, जिना दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याचं वरचं टोक स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी येऊन टेकलं. काकांनी गुण्या लावून पाहिला. काटकोन बरोबर. संध्याकाळच्या आत ते चारी पायांना वेल्ड मारून मोकळे झाले आणि मग अर्धा तास स्वतःच वरखाली करत राहिले, आवाज येतो का बघायला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. शिडीने वर गेला आणि स्वयंपाकघरातलं भोक बघून किंचाळला. "बाबा, हे काय करून ठेवलंत? आई पडेल त्यात!"

"पडत नाही, उतरते," काकू म्हणाल्या.

चांगली साडी नेसून, एक हात कठड्यावर ठेवून त्या उतरायला लागल्या. अर्ध्यावर बाकावर बसल्या, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा उठल्या. खाली जमिनीवर पाय टेकला तेव्हा प्लेटिंगवाल्याने शिट्टी वाजवली. काकू मात्र तडक शटरमधून बाहेर पडल्या आणि गल्लीत चालायला लागल्या. स्प्रिंगांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. प्लेटिंगच्या पंख्यापाशी गेल्या, तेल घातलंय का बघितलं. माझ्या घरी आल्या, मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि चहा प्यायल्या. मला म्हणाल्या, "खिडकीतून दिसायचीस तेवढी छोटी नाहीस गं तू." मला रडू आलं. का, ते कळलं नाही, पण आलं.

इकडे मुलगा बॅग घेऊन गाडीपाशी ताटकळत होता. त्याचे दांडगे मित्र रिकामी खुर्ची धरून उभे होते. काका दुकानात ग्राइंडरने कठड्याची एकच जागा घासत होते. ती आरशासारखी झाली होती.

काकू परतल्या त्या थेट काकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "आता मला चालत गाडीपर्यंत जाता येतं. कुणी उचलायला नको. सांगा, जाऊ की राहू?"

काकांनी ग्राइंडर बंद केला. मुलाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "तुझी सोय तिकडे..."

"सोयीचं विचारत नाहीये."

गल्लीतला एकेक आवाज थांबला होता. सगळे ऐकत होते, आणि ऐकत नसल्यासारखं करत होते.

"राहा," ते म्हणाले. "जाऊ नको."

काकूंनी पदराने डोळे पुसले, आणि मग तो खिडकीतला आवाज निघाला. "अहो, एवढे दोन शब्द बोलायला दोन क्विंटल लोखंड लागलं होय तुम्हाला?"

गल्ली हसली. मुलगाही हसला आणि बॅग परत वर ठेवायला निघाला, नव्या जिन्यावरून. काकांनी मान खाली घातली, ग्राइंडर सुरू केला आणि कामाला लागले. पण मी समोरच होते, मला दिसत होतं. चाक नुसतं हवेत फिरत होतं, कशालाच टेकलेलं नव्हतं.