मागच्या पगारावरून

३ नोव्हेंबर २०१६ रोजी इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने पौंडाचा दर बाजारावर सोडून दिला. पर्यावरण खात्यात सरोवरांचे आर्थिक मोल काढणाऱ्या डॉ. इरीनी गोबरान यांचा पगार आकड्यात तेवढाच राहिला; बाजारात मात्र तो पार आटला. म्हणूनच एका परदेशी सल्लागार संस्थेचे डॉलरमधले काम चालून आले, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात सरकारी नोकरी सोडलीही होती.

संस्थेच्या कैरोतल्या कचेरीत नेमणुका पाहणाऱ्या रामझीने करारपत्र पुढे सरकवले. त्यावरचा दर पाहून त्या थबकल्या. त्यांचा जुना सहकारी हातेम आधी जॉर्डनमध्ये, अम्मानला नोकरीला होता; त्याला याच कामाचे तिप्पट मिळणार होते.

"अरे, हातेमला हे काम मी शिकवलं!"

"ठाऊक आहे, डॉक्टरबाई. पण आमच्याकडे दर मागच्या पगारावरून ठरतो. तुमचा पगार सरकारी, तोही पौंडात."

"म्हणजे सरकारने स्वस्तात राबवलं, म्हणून तुम्हीही राबवणार?"

रामझी ओशाळला. "सही करा हो. पुढच्या कामाला वाढेल."

"कसा वाढेल? पुढचा काम देणाराही हाच आकडा मागचा पगार म्हणून धरेल ना!"

घरभाडे डोळ्यांपुढे होते, तरी त्यांनी पेनाला टोपण लावले. माणसाचा नव्हे, कामाचा दर लावणार असाल तर बोलवा, एवढे सांगून त्या उठल्या.

पुढल्या वर्षी त्या कामाचा अहवाल निघाला. लेखकांमध्ये हातेमच्या नावाशेजारी इरीनीबाईंचेही नाव आहे. संस्थेने दर वाढवला, की त्यांनीच माघार घेतली, हे अजून कळलेले नाही.